खंबाटकीतला बार

पद्मिनीचं बॉनेट उघडलं, की निर्मनुष्य घाटातही माणसं उगवतात. नव्या गाडीचं उघडा, कुणी ढुंकून बघत नाही; सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं, बघणार काय? पद्मिनीत मात्र कार्बोरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, सगळा संसार उघड्यावर. त्यामुळे पाचगणीच्या लग्नाला जाताना काकांची १९७८ सालची गाडी खंबाटकीच्या चढावर आचके देऊ लागली आणि सायलेन्सरमधून पहिला बार उडाला, तेव्हा मदत मागावी लागली नाही.

"अहो, टायर गेला," काकू म्हणाल्या.

"टायर नाही. मिसिंग करतेय," काका म्हणाले. एखाद्या सिलिंडरला वेळेवर ठिणगी मिळत नाही, न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. मागच्या एसटीतल्या पन्नास लोकांनी कान झाकले.

पहिला आला ट्रकवाला. "कचरा आलाय," असं म्हणून त्याने कार्बोरेटरचा जेट काढून फुंकला. गाडी गुपचूप सुरू झाली, दोन वळणं चढली आणि पुन्हा फाट्! दुसऱ्याचं निदान एअर लॉक. त्याने काकूंचा नवा नॅपकिन भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालली, पुढच्या वळणापर्यंत. मग एक निवृत्त गृहस्थ भेटले. अशाच गाडीने ते कन्याकुमारीला जाऊन आले होते, ती सगळी हकीकत झाल्यावर त्यांनी प्लगच्या वायरी दाबून बसवल्या. त्याचाही गुण आला. तिघेही धन्वंतरी ठरले, कारण प्रत्येक इलाजाच्या वेळी इंजिन आपोआप दहा मिनिटं गार होत होतं.

वाईचा मेकॅनिक वेगळ्या जातीचा निघाला. त्याने कार्बोरेटरला हातच लावला नाही. चालू इंजिनातली एकेक प्लगची वायर तो काढत गेला. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज सारखाच पडला, म्हणजे एकटा कुठला सिलिंडर दोषी नव्हता. मग त्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. आतले पॉइंट जळून निळसर झाले होते, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ.

"कंडेन्सर गेलाय वो काका. गार हाय तवर शाना, तापला की येडा."

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्या प्रत्येक वेळी तिथे उडू पाहणारी ठिणगी कंडेन्सर गिळतो, म्हणून खरी ठिणगी प्लगवर पडते. अंगठ्याएवढा पत्र्याचा डबा, पण गाडीची अब्रू त्याच्या हातात. मेकॅनिकने पॉइंट घासले, नवा कंडेन्सर बसवला आणि फट मोजायला समोरच्या खणातल्या लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला.

"अहो, लग्न लागायचंय अजून त्यांचं!" काकू कळवळल्या.

लग्न लागलं, आम्ही जेवलो. परतताना पसरणी घाटात काकांच्या अंगात काटकसर संचारली. त्यांनी गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतारावर चावी बंद केली. चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहिलं, पेट्रोल ओढत राहिलं आणि न जाळता सायलेन्सरमध्ये भरत राहिलं. खाली सपाटीला काकांनी चावी फिरवली.

कठड्यावरची माकडं क्षणात दिसेनाशी झाली. सायलेन्सर शिवणीवर उभा फाटला आणि पुण्यापर्यंत गाडीत कुणाला कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही. खंबाटकीच्या बोगद्यात तर पुढच्या चारचाकीने घाबरून बाजू दिली. पद्मिनीच्या नशिबी असा मान पहिल्यांदाच आला असावा.

तेव्हा जुनी पद्मिनी घेऊन पसरणी उतरणार असाल, तर दुसरा गिअर टाका, चावी चालूच राहू द्या आणि डिकीत एक जादा कंडेन्सर ठेवा. नवा सायलेन्सर त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.