मोठा 'अ', मधला 'अ', छोटा 'अ'

वेबसाइट बनवणाऱ्या तमाम साहेबांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण आमच्यासाठी एवढं करता आणि आभार मानायचे मात्र राहूनच गेले. सरकारी वेबसाइटवर अगदी वर मोठा 'अ', मधला 'अ' आणि छोटा 'अ' अशी बटणं असतात म्हणे. शेजारी व्हीलचेअरचं चित्रही असतं. मला जन्मापासून दिसत नाही, पण डोळस मित्र सांगतात की पट्टी फार शोभते. ज्यांना थोडंफार दिसतं, ते कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून कुठलंही पान मोठं करून घेतात. मग ही बटणं नेमकी कोणाची सोय, असले खवचट प्रश्न मी विचारणार नाही. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही काहीतरी दिसायला हवंच.

माझं सगळं काम एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर चालतं. ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरांनी तो घडवला, २००६ पासून, आणि तो फुकट मिळतो. त्याच्यात खोट एकच : तुम्ही जे लिहिलंच नाही, ते तो वाचत नाही. परवा एका ऑनलाइन अर्जावर टॅब दाबत गेलो. तो म्हणाला, "एडिट. एडिट. कॉम्बो बॉक्स. ग्राफिक. बटन. बटन." पहिल्या चौकटीत नाव घालायचं की आधार क्रमांक, हे शेजारी ठसठशीत छापलेलं होतं, असं नंतर भाचीने सांगितलं. ते चौकटीला कोडमध्ये जोडायला एखादी ओळ लागते. पण त्या ओळीचा फोटो काढता येत नाही ना! दोन बटणांपैकी एक अर्ज पाठवणारं होतं, दुसरं पुसणारं. अर्ज पुसला गेला.

मराठीची सेवा तर काय वर्णावी! युनिकोड येऊन जमाना लोटला, तरी इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणाऱ्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर अजून भेटतो. डोळ्यांना तो मराठी. स्क्रीन रीडरला मात्र 'महाराष्ट्र'ची सुरुवात 'ई, जी, के, जे, के' अशी ऐकू येते. आणि जो मजकूर चुकून युनिकोडमध्ये टाइप झालाच, त्याचं काय? तो छापायचा, त्यावर सही-शिक्का मारायचा, जरा तिरका ठेवून स्कॅन करायचा आणि पीडीएफ म्हणून चढवायचा. दिव्यांगांच्या सवलतींचं एक परिपत्रक मी असंच उतरवून घेतलं. चार पानं होती. चारही कोरी ऐकू आली.

खासगी कंपन्यांनी मागे राहू नये, म्हणून केवायसीत पापणी मिचकवायला लावतात. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्यच नव्हतं. माणूस समोर जिवंत बसलेला, पण जिवंत असल्याचा पुरावा पापणीने द्यायचा! त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि पापणीला पर्याय द्यायला सांगितलं. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी खटल्यात याच न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा, असं बजावलं होतं. म्हणजे तोवर २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा सक्ती म्हणत होता आणि त्याखालचे नियम 'जमलं तर बघा' म्हणत होते. आपण दुसऱ्याचं ऐकलंत. स्वभाव म्हणावा, दुसरं काय.

कायद्याचं नाव काढलं म्हणून घाबरून जाऊ नये. त्यात पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पट्टीतल्या तीन 'अ'चं बिल बहुधा जास्त झालं असेल. शिवाय दंड व्हायचा तर आधी कोणीतरी तक्रार करायला हवी. तक्रारीचा फॉर्म ऑनलाइन आहे, आपणच बनवलेला. मी तो उघडून बसलोय : एडिट, एडिट, कॉम्बो बॉक्स, आणि चित्रातली अक्षरं ओळखून लिहा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक टॅब दाबणारा