धुकं कुठं आहे?

एप्रिलची कोरडी रात्र, डोक्यावर लखलखते पथदिवे. आणि समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइटच्या जोडीला फॉग लाइटही सुरू. धुकं कुठं आहे?

कुठंच नाही. मालकाला ते दिवे शोभून दिसतात, म्हणून पेटलेत.

हे दिवे बंपरमध्ये इतके खाली बसवतात, त्याला कारण आहे. त्यांचा झोत रुंद, चपटा. जमिनीलगत पसरून तो रस्त्याची कड आणि कडेचा पांढरा पट्टा दाखवतो. लांबचं दाखवणं हे त्याचं कामच नाही. मोकळ्या रस्त्यावर तो फक्त गाडीपुढचा तुकडा झगझगीत करतो, आणि त्यापलीकडचा अंधार आणखी दाट होतो. जास्त दिसतंय असं वाटतं. प्रत्यक्षात कमी दिसतं.

रस्ता ओला असेल तर तोच उजेड डांबरावरून उसळून समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. त्याने काय करायचं? डोळे मिटायचे?

आता खऱ्या धुक्यात चला. जुलैतला आंबोली घाट, दहा हात पुढचं दिसत नाही, आणि आपला वीर अप्पर मारतो. धुक्याचे थेंब तो सगळा झोत त्याच्याच तोंडावर परत फेकतात. समोर पांढरीफटक भिंत! डिप्पर ठेवायचा, फॉग लाइट लावायचे, वेग उतरवायचा. एवढंच तर करायचं असतं.

दुसरा वीर चारही इंडिकेटर लुकलुकवत घाट चढतो. वळायचं झालं की मग काय दाखवणार? चालती गाडी कोणती नि बंद पडलेली कोणती, हे मागच्याने कसं ओळखायचं?

ठोकून?

मागचा लाल फॉग लाइट तर अनेकांना आपल्या गाडीला आहे हेच ठाऊक नसतं. चुकून बटण दाबलं जातं आणि तो महिनोन्‌महिने पेटलेला राहतो. साध्या टेललाइटपेक्षा तो कितीतरी प्रखर असतो, ब्रेकलाइटच्या तोडीचा. त्या झगझगाटात तुम्ही ब्रेक कधी मारलात, हे मागच्याला वेळेवर कळत नाही.

ब्रिटनमध्ये नियम स्वच्छ आहे. दृष्टिपल्ला साधारण १०० मीटरच्या खाली गेला तरच फॉग लाइट, आणि धुकं सरलं की बंद. जर्मनीत मागचा दिवा लावायला धुक्यामुळे ५० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं व्हावं लागतं. शिवाय इतकं कमी दिसत असेल तर वेगही ताशी ५० किलोमीटरच्या आत.

५०च का? हिशेब करा. त्याहून थोड्याच जास्त, ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. ५० मीटर म्हणजे तीन सेकंद. त्यातला एक पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असाच दिवा हवा, असं अंतराची आणि उंचीची मापं देऊन सांगितलंय. पुढे सर्चलाइट लावायलाही परवानगीविना मनाई आहे. तरी जीपच्या टपावर एलईडीची पट्टी लावून देणारी दुकानं भर रस्त्यावर आहेत. हेल्मेट नसलं की फोटो निघतो, चलान येतं. डोळे दिपवणाऱ्याचा फोटो कोण काढतं?

याच दुकानांत सांगतात, ‘पिवळा घ्या, धुकं फाडतो.’ फाडत नाही. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठा, त्यामुळे पिवळा काय नि पांढरा काय, तो दोन्ही सारखेच विखुरतो. धुक्यात उपयोगी पडतो तो झोताचा आकार आणि दिव्याची उंची. टपावर बसवलेला पिवळा दिवा यांतलं काय देतो?

पुढचा फॉग लाइट सुरू असला की डॅशबोर्डवर हिरवं चिन्ह दिसतं, मागचा असला की पिवळसर. आज रात्री गाडी काढाल तेव्हा बघा. चिन्ह पेटलेलं असेल आणि रस्ता लांबवर स्वच्छ दिसत असेल, तर बटण दाबा. बंद करा.