तीन बोटांचा अधिकार

आमचा कॉम्प्युटर बंद पडतो तो मी बसलो असतानाच. सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी अर्ध्यावर आली की फट्‌कन अंधार. हिनं दुपारभर पत्ते लावले तरी तो हूं की चूं करत नाही.

मी सोसायटीतला मान्यताप्राप्त संगणकतज्ज्ञ. मान्यता माझीच. बँकेच्या आमच्या शाखेत पहिलं मशीन आलं तेव्हा बाकीचे त्याच्याकडे पाहुण्यांच्या कुत्र्याकडे पाहावं तसे लांबून पाहत होते, आणि मी कंट्रोल-आल्ट-डिलीट शिकून घेतलं.

या तीन कळांबद्दल जरा बोलू द्या, घरात कुणी ऐकत नाही. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरनं ही युक्ती काढली. 1981 साली बाजारात आलेल्या त्यांच्या पीसीसाठी. आधी त्यानं कंट्रोल-आल्ट-एस्केप ठरवलं होतं, पण त्या तिन्ही कळा डाव्या हाताशीच. चुकून दाबल्या गेल्या की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून एस्केपऐवजी पार उजवीकडची डिलीट घेतली. म्हणजे मशीनची मान मुरगाळायची तर दोन्ही हातांनी, पूर्ण शुद्धीत! पुढं 2001 मध्ये, पीसीच्या विसाव्या वाढदिवसाला, व्यासपीठावर बिल गेट्स बसलेले असताना हा गृहस्थ म्हणाला की शोध माझा असेल, पण त्याला प्रसिद्धी मिळवून दिली ती यांनी. असा माणूस आपल्या शाखेत हवा होता.

तर शाखेत मशीन अडलं की कॅशिअर हाक मारायचा, “साहेब!” मी सावकाश उठायचो, चष्मा पुसायचो आणि तीन बोटं टेकवायचो. पडदा काळा व्हायचा, मशीन पहिल्यापासून आकडे मोजत उठायचं. काउंटरपलीकडची रांग बघत राहायची.

आता त्याच कळा दाबल्या तर मशीन यादी पुढं करतं. लॉक करू? साइन आउट करू? टास्क मॅनेजर दाखवू? हुकमाची आता नुसती विचारपूस झाली. माझं तरी वेगळं काय झालंय? मुलगा गाडी घेतो आणि विचारतो, “बाबा, कोणता रंग घ्यावा?” तेव्हा पांढरी गाडी खाली उभी असते. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी पांढराच सांगतो. त्यालाही तेच वाटत असावं.

असो. इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथं लाल खूण, कर्नल-पॉवर, क्रमांक 41. मजकुराचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. अहो, हे मीच सांगत होतो! रात्रभर मेमरी तपासली, ती निर्दोष सुटली. तरी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला. दुरुस्तीवाल्यांचा हा रामबाण आहे आणि पुष्कळदा लागूही पडतो. निम्मा गुण पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवण्याचा असतो, पण श्रेय खोडरबराला जातं.

मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, नवा लॅपटॉप पाठवतो.” मी म्हटलं, “रेंज नाही.”

शेवटी हिनं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराला बोलावलं. त्यानं बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गादी, आणि तिच्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दसऱ्याला आम्ही सीपीयूची पूजा करतो, हळदकुंकू, फुलं, सगळं साग्रसंगीत.

“काका, पंखाच अडकलाय. प्रोसेसर फार तापला की मशीन स्वतःच बंद होतं, जळू नये म्हणून. तुम्ही बसल्यावर काही जड चालू करता का?”

मी बसल्याबरोबर अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी लावतो. जबाबदार माणसानं लावावीच.

“म्हणजे देव पावला नाही, का जास्तच पावला?” हिनं विचारलं.

पोरानं ब्लोअर मारला, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि जाता जाता म्हणाला, “रॅम मात्र एकदम चकाचक आहे हां, काका.” हे मी त्याला जरा मोठ्यानं, दाराशी उभं राहून पुन्हा म्हणायला लावलं.

संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या, त्यांचा प्रिंटर कागद ओढत नव्हता. मी उठलो, चष्मा पुसला आणि खोडरबर खिशात टाकला.

“अहो, प्रिंटरला कशाला खोडरबर?” ही म्हणाली. मी तोवर जिन्यात होतो.