सामायिक भुंगो

(बांद्याजवळची माडाची बाग. माडवाले आबा आणि कृषी सहायक, दोघांच्याही माना वर.)

सहायक : झावळ्या बघा आबा. कातरीनं त्रिकोण काढल्यासारख्या. हा गेंड्या भुंगा.

आबा : माका वाटला, नजर लागली. देवचाराक नारळ दिलंय अमावास्येक.

सहायक : बागेतला?

आबा : विकत हाडून.

सहायक : कोंब मिटलेला असतानाच हा आत पोखरतो, म्हणून पान उघडलं की असं दिसतं. त्याच जखमेत मागून सोंड्या भुंगा अंडी घालतो. मग माडच जातो.

आबा : पण येता खयसून ह्यो?

सहायक : (खड्ड्यातलं शेणखत काठीनं उकरतो; अंगठ्याएवढी पांढरी अळी मुरडून पडते) इथून.

आबा : खड्डो माझ्या आज्यान खणलेलो हा!

सहायक : आज्यांनी वेळच्या वेळी उपसलाही असेल. खत उपसा, अळ्या वेचून कोंबड्यांना घाला. राहिलेल्या खतात मेटारायझियम बुरशी मिसळा. अळी हिरवी पडून मरते. माडाच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू. भोकातला भुंगा तारेच्या हुकानं ओढायचा.

आबा : माडार चढतलो कोण? पाडेली तीनदा बोलवल्यार एकदा येता, तोय चाय पिऊक.

सहायक : मग गंधसापळा. बादलीत पुडी टांगायची, वासानं नर-मादी दोन्ही येतात.

आबा : खयसून?

सहायक : आजूबाजूच्या बागांतून.

आबा : म्हंजे चुलतभावाचे भुंगे मी माझ्या पैशान बोलवायचे?

सहायक : भुंग्याला हद्द कळत नाही, आबा. 1909 साली रबराच्या रोपांबरोबर हा लंकेतून पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर पोचला.

आबा : आणि आमचो मोजणीवालो सावंतवाडीसून हय येवक नाय.

सहायक : म्हणून म्हणतो, सगळ्यांनी मिळून सापळे लावा. एकट्याच्या बागेत लावून भागत नाही. वर्गणी काढा.

आबा : सातबाऱ्यार सतरा नावां. अर्धी मुंबैक, चार वारलेली, दोघे एकमेकांचा तोंड बघणत नाय. सही कोणाची घेवची?

सहायक : भुंग्यांना कुणाची सही लागली नाही.

आबा : (विचार करून) एक करूया. सापळो बांधार टांगा. अगदी मधोमध.

सहायक : छान. आणि सापडलेले भुंगे?

आबा : अर्धे अर्धे. पण मोजताना तुमी हजर रवा, सायबानु. पंचनामो होवक व्हयो.