पट आणि पॅट

पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेला एकच घोर असे, पटाचा. आता पॅटचाही, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचाही आहे. पायाभूत चाचणी झाली की संकलित एक, ती उरकते न उरकते तोच संकलित दोन. मुलाला गुण पेपरात पडतात हा आपला गैरसमज. ते पडतात शिक्षकानं मोबाइलवरून चॅटबॉटवर भरले की, तेही रेंज असेल तर.

परवा एका दोनशिक्षकी शाळेत गेलो होतो. सर वर्गाबाहेर, ओट्याच्या टोकाला, मोबाइल आभाळाकडे धरून उभे. आत फळ्यावर 52 वजा 37. तिसरीतला एक पोरगा पाटी घेऊन दारात आला.

"सर, दशक सुटा करू का?"

"थांब रे बाबा, आधी मला सुटू दे!"

पोरगा थांबला. नेटवर्क आलं तेव्हा मधली सुट्टी झाली होती.

मुलांचं शिकणं तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणवाल्यांची तऱ्हा त्यामानानं साधी. 2005 पासून ते गावोगाव फिरतात, मुलाच्या घरीच त्याच्यापुढे दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात आणि म्हणतात, वाच. पाचवीतलीही कित्येक मुलं तिथं अडखळतात. (आकडे आले की आपण दोन दिवस हळहळतो, तो आपला कुळाचार.)

केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानानं 2026-27 पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यायला हवं असं ठरवलं आहे. दारातल्या त्या तिसरीतल्या पोराची वजाबाकी मी शाळेतून निघालो तेव्हाही पाटीवर अर्धीच होती. त्याचे गुण मात्र चढले होते.