नऊ वॅटचं पुण्य

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटात ५ ऑगस्ट १९०५ला विजेचे पथदिवे लागले. आशियात पहिले आम्हीच, असं इथले जुने लोक छातीठोक सांगतात. वीज आली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून. त्या कावेरीच्या पाण्याची शपथ, आमच्या मल्लेश्वरमच्या घरात साठ वॅटच्या गोळ्यावर कुणाचाही राग नव्हता. खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त तो तापण्यातच उडवायचा, हे खरं; पण पावसाळ्यात त्याच्याखाली पोरांचे मोजे वाळायचे. हे काम आजवर एकाही एलईडीला जमलेलं नाही.

२०१५च्या डिसेंबरात कर्नाटकात ‘होस बेळकु’, म्हणजे ‘नवा उजेड’ योजना आली. मी रांग लावून नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे आणले आणि बायकोला गणित घातलं. साठचे सहा गोळे रोज पाच तास जळले, तर महिन्याला ५४ युनिटं. नऊ वॅटचे सहा? जेमतेम आठ!

“अहो, कोथिंबीर निळसर दिसतेय,” ती विळीवरून म्हणाली.

“देशासाठी निळी खाऊ,” मी म्हणालो.

तिने जुने गोळे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. भंगारात दे म्हटलं, तर “असू द्यात” एवढंच.

आमचा वापर महिन्याला शंभर युनिटांवर आला. वरच्या मजल्यावरचे अण्णा मात्र जिन्यात, देवघरात, रिकाम्या खोलीतसुद्धा पिवळे गोळे जाळत एकशेऐंशीवर ठाम. मी त्यांना अधूनमधून पर्यावरणावर ऐकवायचो.

मग २०२३ साली ‘गृहज्योती’ आली. महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज फुकट! उद्घाटन कलबुर्गीला, तारीख पुन्हा ५ ऑगस्ट. मी पेढे आणायला निघालो आणि वाटेत नियम वाचला. फुकट युनिटं सगळ्यांना सारखी नाहीत. २०२२-२३मधली तुमची महिन्याची सरासरी, अधिक दहा टक्के, एवढीच तुमची मर्यादा. हेतू उत्तम: फुकट मिळते म्हणून कुणी वीज उधळू नये. पण ज्याने आधीच उधळली होती, त्याची उधळण सरकारमान्य झाली, त्याचं काय? अण्णांना १९८ युनिटं माफ, आम्हाला ११०. एप्रिलात पंखे फिरले की वरच्या युनिटांचे पैसे आम्ही मोजायचे.

“सार, झीरो बिल!” अण्णा गॅलरीतून बिल फडकवत म्हणाले. त्यांच्या मागे भर दुपारी गोळा जळत होता.

घरात आलो तर बायको शिडी शोधत होती.

तेव्हा वाचकहो, एलईडी जरूर लावा, देशाची वीज वाचवा. फक्त जुने गोळे भंगारात देऊ नका. पुढच्या योजनेसाठी सरासरी मोजायचं वर्ष कोणतं, हे अजून जाहीर झालेलं नाही.