विमानातला पंक्तिप्रपंच

1 डिसेंबर 2024. मुंबईहून बहारीनमार्गे मँचेस्टरला निघालेल्या गल्फ एअरच्या प्रवाशांचं विमान तांत्रिक बिघाडामुळे कुवेतला उतरवावं लागलं. ब्रिटिश, युरोपीय, अमेरिकी पासपोर्टवाल्यांची सोय हॉटेलात झाली आणि साठेक भारतीय विमानतळावरच ताटकळले, अशी या प्रवाशांची तक्रार होती. कुणी खुर्चीत, कुणी फरशीवर. अखेर भारतीय दूतावासाची माणसं धावली, लाउंज मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान सुटलं.

खुलासा असा आला की, कुवेतमध्ये त्या पासपोर्टना विमानतळावरच व्हिसा मिळतो, आपल्याला मिळत नाही. हे मान्य. व्हिसाचे नियम विमान कंपनी करत नाही. पण पाणी, ब्लँकेट आणि ‘पुढे काय होणार आहे’ हे नीट सांगणारा एक माणूस, यातल्या कशालाही व्हिसा लागत नाही.

आमच्या मावळाला हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, कुठेही जा, दोन-चार घरांआड एखादा मुलगा नाहीतर मुलगी परदेशात आहे. सुनेचं बाळंतपण, नातवंडांची सुट्टी, म्हणून साठी-सत्तरीतले आईवडील रात्रीच्या गाडीने घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठतात. परत आल्यावर चिवड्याच्या बशीबरोबर प्रवासाच्या कथा निघतात, आणि त्यात विमानातल्या दुजाभावाचा एखादा किस्सा हमखास येतो.

लोणावळ्याच्या एका काकूंनी शाकाहारी जेवण आधी नोंदवलं होतं. समोर चिकनचा ट्रे आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगून पाहिलं, तर हवाई सेविका ‘एवढंच आहे’ म्हणाली आणि ट्रॉली पुढे ढकलली. दोनच रांगा पुढे एका गोऱ्या बाईंनी हीच तक्रार केली. तिथे ती वाकली, ‘मॅडम, एक मिनिट, बघते’ म्हणाली, आणि गॅलीतून भाज्यांचा पास्ता घेऊन आली. काकूंनी उरलेले नऊ तास ब्रेड आणि दह्यावर काढले. कंपनी भारतीय होती. सेविकाही आपल्याच देशातली.

मला राग येतो तो इथे. पंगतीत तोंड बघून तूप वाढणारा वाढपी परका असेल तर निदान त्याला शिव्या देता येतात. आपल्याच घरचा वाढपी पाहुण्याला वाटी रिकामी करतो आणि आपल्या आईच्या पानावर नुसता चमचा झटकतो, त्याचं काय करायचं?

प्रत्येक तुसडेपणा वर्णभेदातूनच येतो, असं मी म्हणणार नाही. कर्मचारी थकलेले असतात, आणि आपले प्रवासीही कमी नसतात. डिसेंबर 2022 मध्ये इस्तंबूल-दिल्ली विमानात जेवणावरून वाद झाला आणि प्रवाशाने सेविकेला नोकर म्हटलं. ‘मी कंपनीची कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही,’ असं तिने सुनावलं. बरोबरच केलं. पण थकवा असेल तर तो सगळ्याच रांगांना दिसायला हवा. एकाच तक्रारीला दोन वेगळे आवाज निघाले, तर थकव्याची सबब चालणार नाही.

माणूस पाहून आवाज बदलायची ही खोड आपल्याकडे जुनीच आहे. तळेगाव दाभाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर आजही जपलेलं आहे. याच बाबासाहेबांना 1901 साली, नऊ-दहा वर्षांचे असताना, मसूर स्टेशनावर काय भोगावं लागलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नीटनेटक्या कपड्यांतली मुलं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. मग एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन, बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर एकजण कबूल झाला. आज पुणे-लोणावळा लोकलमध्ये आफ्रिकेतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या शेजारची जागा रिकामी असताना माणसं दाराशी लटकताना मी पाहिली आहेत. हीच माणसं परदेशातून आली की विमानातल्या अपमानाबद्दल तावातावाने बोलतात. त्यांचा ताव खराच आहे, फक्त तो लोकलमध्येही दिसला पाहिजे.

कायद्याकडे जावं, तर तिथेही फार आधार नाही. 1999 चा माँट्रियल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला. त्यात मृत्यू, शारीरिक इजा, सामान आणि उशीर यांची भरपाई आहे, अपमानाची नाही. अमेरिकेत एका कृष्णवर्णीय जोडप्याने विमानात जागा नाकारल्याबद्दल वर्णभेदाचा दावा लावला होता. 2002 साली अपील कोर्टाने जुन्या वॉर्सा कराराकडे बोट दाखवून तो चालू दिला नाही.

म्हणून जे हातात आहे ते करा. घडल्या घडल्या फ्लाइट नंबर, सीट, वेळ आणि बोललेले शब्द टिपून ठेवा. शेजाऱ्याला साक्षीला घ्या. आधी कंपनीला लेखी कळवा, दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. आईवडिलांना हे जमणार नसेल, तर त्यांना घ्यायला गेलेल्या लेकाने किंवा लेकीने गाडीतच विचारून घ्यावं आणि त्याच रात्री लिहून पाठवावं. ‘जाऊ दे, पोचलो ना सुखरूप’ असं आई म्हणेलच. तिचं ऐकू नका.